कार्यालयातील आपल्या उणिवा : ओळख आणि इलाज

(वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या चिटणीसांचे मला जे पत्र आले त्यात विषय 'व्यक्तिमत्त्व विकास' असा लिहिलेला होता. हा विषय इतका ऐसपैस आहे की त्यात काहीही बोलले तरी खपून जाते, आणि ऐकणाऱ्याच्या हाती बहुधा काही लागत नाही. मी त्यांना विनंती केली की, मला विषय लहान करून द्या. माझी सारी नोकरी सरकारी कचेरीच्या लेखा शाखेत गेली. त्या टेबलावर बसून माणसे कुठे अडतात, का अडतात आणि त्यातली काही कशी मोकळी होतात, हे मी जवळून पाहिले. तेवढ्यापुरतेच मी बोलणार आहे. समोर बँकेतले, रेल्वेतले, कारखान्यातले बांधव आहेत. त्यांनी माझी उदाहरणे आपापल्या कामाला लावून पाहावीत.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो. 'तुमची उणीव कोणती?' असे आपल्या तरुणांना विचारले की ठरलेली उत्तरे येतात : आत्मविश्वास कमी आहे, इंग्रजी कच्चे आहे, न्यूनगंड आहे. ही उत्तरे खोटी नाहीत, पण निरुपयोगी आहेत. 'मला बरे वाटत नाही' एवढ्यावर कोणताही डॉक्टर औषध देत नाही. कुठे दुखते, केव्हापासून, जेवणाआधी की नंतर, हे तो विचारतोच. उणिवेचेही तसेच आहे. ती जोवर मोठ्या शब्दात आहे तोवर तिच्यावर इलाज नाही.

आमच्याकडे एक लिपिक होता. 'माझे इंग्रजी कच्चे' हे त्याचे पालुपद. बदली होऊन आलेल्या एका कार्यालयीन अधीक्षकांनी त्याचे सहा महिन्यांचे मसुदे मागवून घेतले आणि लाल पेन्सिल घेऊन बसले. तेव्हा निघाले ते असे : व्याकरणाच्या चुका फार नव्हत्या. पण महालेखापालांच्या आक्षेपांना उत्तर देताना हा गृहस्थ जुन्या पत्राची जशीच्या तशी नक्कल करायचा, आणि त्या नकलेत जुन्या पत्राचा क्रमांक व तारीख तशीच राहायची. मग उत्तर परत यायचे. परत आले की तो म्हणायचा, माझे इंग्रजी कच्चे. वास्तविक प्रश्न इंग्रजीचा नव्हताच. पत्र सहीला ठेवण्याआधी 'संदर्भ' ही एक ओळ मूळ कागदाशी ताडून पाहायची, इतकाच होता. जी उणीव तो दहा वर्षे उराशी बाळगून होता, ती एका ओळीची निघाली. सगळ्याच उणिवा इतक्या लहान निघत नाहीत, पण आपण समजतो त्यापेक्षा लहान आणि आपण समजतो त्यापेक्षा वेगळ्या निघतात, हा माझा अनुभव आहे.

आता ती ओळखायची कशी? आत्मपरीक्षण करा, असे सगळेच सांगतात. डोळे मिटून आत्मपरीक्षण केले तर माणूस एक तर स्वतःला फार दोष देतो किंवा फार माफ करतो. मी म्हणेन, डोळे उघडे ठेवून आपले टेबल पाहा.

महसूल खात्यातील बांधवांना सहा गठ्ठे पद्धत ठाऊक आहे. विद्यार्थ्यांसाठी थोडक्यात सांगतो. लिपिकाने आपल्याकडचे कागद सहा गठ्ठ्यांत लावायचे असतात. ज्यांवर आपल्याला कार्यवाही करायची आहे ती प्रकरणे. दुसऱ्या कोणाच्या उत्तराची वाट पाहत असलेली, म्हणजे प्रतीक्षाधीन प्रकरणे. ठरावीक मुदतीत पाठवायची नियतकालिके. स्थायी आदेशांच्या संचिका. अभिलेख कक्षात पाठवायची निकाली प्रकरणे. आणि नष्ट करायचे कागद. तपासणीला आलेला अधिकारी पहिला गठ्ठा पाहतो, कारण काम तिथे दिसते. ज्याला स्वतःला पाहायचे आहे त्याने दुसरा गठ्ठा सोडावा. प्रतीक्षाधीन गठ्ठा ही फार सोयीची जागा आहे. जे प्रकरण उरकत नाही त्यावर एखादी त्रुटी काढावी, चार ओळींचे पत्र पाठवावे आणि फाईल त्या गठ्ठ्यात सरकवावी. कागदोपत्री आपण वाट पाहत असतो, आणि वाट पाहणाऱ्याला कोणी दोष देत नाही.

एका जिल्हा कार्यालयात मी पाहिलेली गोष्ट आहे. आस्थापना शाखेतला एक कर्मचारी, अक्षर मोत्यासारखे, वेळेवर येणारा, कोणाशी तंटा नाही. पण फायली हलत नाहीत. सगळे त्याला आळशी म्हणत. एकदा शाखेची अदलाबदल झाली तेव्हा त्याचा प्रतीक्षाधीन गठ्ठा मोजला गेला. चौदा प्रकरणे होती. त्यातल्या नऊ प्रकरणांत ज्या उत्तराची वाट पाहायची होती ती पृच्छा मुळात अनावश्यक होती; हवी ती माहिती सेवापुस्तकातच होती. आणि त्या नऊही प्रकरणांत वेतननिश्चितीचे गणित होते. रजेची, बदलीची, पदोन्नतीची प्रकरणे हा माणूस दोन दिवसांत काढी. वेतननिश्चिती आली की त्रुटी काढी. त्याला ते गणित येत नव्हते आणि येत नाही असे सांगायची लाज वाटत होती. पुढे लेखा शाखेतल्या एका जाणत्या सहायकाने दोन रविवार घरी बसवून त्याच्याकडून सहा-सात प्रकरणे सोडवून घेतली. तिसऱ्या रविवारची गरज पडली नाही.

त्या नऊ प्रकरणांत एक मयत शिपायाच्या पत्नीचे कुटुंब निवृत्तिवेतनाचे होते. बाजाराच्या दिवशी ती बाई एस.टी.ने यायची, जिन्याशी बसायची, आणि 'अजून वरून उत्तर आले नाही' एवढे ऐकून परत जायची. पाच महिने. वरून काही यायचेच नव्हते. मी हे त्या कर्मचाऱ्याला खलनायक ठरवण्यासाठी सांगत नाही. तो भला माणूस होता. पण कार्यालयातल्या उणिवेची किंमत बहुतेक वेळा टेबलाच्या पलीकडचा माणूस भरतो, आणि तो आपल्याच घरातून आलेला असण्याचा संभव मोठा असतो.

आता कायद्यानेही हे झाकून ठेवणे अवघड केले आहे. महाराष्ट्रात बदल्या आणि विलंब-प्रतिबंध यांचा २००५ सालचा अधिनियम आहे. त्यात म्हटले आहे की, सर्वसाधारणपणे कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त प्रलंबित राहता कामा नये. २०१५ साली लोकसेवा हक्क अधिनियम आला, त्यात अधिसूचित सेवांना मुदती ठरल्या आणि अपिलाची वाट मिळाली. पुष्कळ कार्यालयांत ई-ऑफिस आले आहे; फाईल कोणाकडे किती दिवस थांबली हे पडद्यावर दिसते. काहींना याची भीती वाटते. मी म्हणतो, भिऊ नका, आपल्या आधी कोणी पाहण्यापूर्वी आपणच पाहा. वहीच्या पानावर महिन्याभरात अडलेली प्रकरणे लिहा, आणि त्यांच्यात समान काय आहे ते शोधा. एकाच प्रकारची? एकाच अधिकाऱ्याकडे जाणारी? दूरध्वनी करावा लागतो म्हणून थांबलेली? तिथेच आपली उणीव बसलेली सापडेल.

दुसरा आरसा म्हणजे गोपनीय अहवाल, ज्याला आता कार्यमूल्यमापन अहवाल म्हणतात. त्यात स्वयंमूल्यमापनाचा भाग आपण स्वतः भरतो. मी असे शेकडो भाग वाचले. 'नेमून दिलेली सर्व कामे वेळेत व समाधानकारकरीत्या पार पाडली' हे वाक्य इतक्या वेळा वाचले की ते छापीलच असावे असे वाटे. एवढी जागा आपल्याला दिलेली असते आणि आपण ती वाया घालवतो. काम कोणते झाले, कोणते राहिले, का राहिले, हे तीन ओळींत लिहिले तर वाचणारा अधिकारी थांबतो. शेरा लिहिताना त्याला विचार करावा लागतो.

पूर्वी या अहवालातले फक्त प्रतिकूल शेरे कर्मचाऱ्याला कळवीत. 'चांगला' असा शेरा असला तरी पदोन्नतीला 'अतिशय चांगला' लागतो, आणि माणसाला कळायचेच नाही की आपण कशाने मागे राहिलो. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात निर्णय दिला की, प्रत्येक शेरा, मग तो चांगला असो की वाईट, संबंधित कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे. देव दत्त हे सीमा रस्ते संघटनेच्या सेवेत कार्यकारी अभियंता होते. एका वर्षाच्या 'चांगला' या शेऱ्यामुळे त्यांची पदोन्नती हुकली होती. २०१३ साली तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हाच दृष्टिकोन कायम केला. तेव्हा शेरे मिळवा, वाचा, आणि जपून ठेवा. तो आपला हक्क आहे.

पण शेरा हाती आल्यावर काय? इथे मला थोडे स्पष्ट बोलावे लागेल. प्रतिकूल शेरा मिळाला की आपल्यापैकी काही जण खचतात. शेऱ्यातले प्रत्येक अक्षर खरे मानून घेतात. काही जण 'हा जातीमुळे दिला' म्हणून तो कागद बाजूला फेकतात. दोन्ही गोष्टी कधी कधी खऱ्या असतात, आणि म्हणूनच अडचण आहे. कार्यालयांत जातीयता नाही असे मी या व्यासपीठावरून म्हटले तर तुम्ही हसाल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले तेव्हा कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर कागद दुरून टाकीत, आणि शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला माणूस होता तो. त्यात त्यांची उणीव कोणती होती? काहीही नाही. जे दुसऱ्याच्या मनात सडलेले आहे ते आपल्या खात्यावर नावे टाकायचे नाही.

मग ओळखायचे कसे की शेरा खरा की आकसाचा? मी एक साधी कसोटी वापरायला सांगत आलो आहे. विनयाने, लेखी विचारावे : कोणत्या तारखेला, कोणत्या प्रकरणात? अधिकाऱ्याने तारीख आणि फाईल दाखवली तर तो शेरा आकसाने लिहिलेला असला तरी त्याच्यात आपल्या कामाचे काही आहे, ते उचलून घ्यावे. त्याला काहीच दाखवता आले नाही, 'एकंदरीत वृत्ती बरी नाही' असेच तो म्हणत राहिला, तर मुदतीच्या आत पुराव्यानिशी अभिवेदन द्यावे आणि झोप खराब करू नये. एकाच शेऱ्यात अर्धा आकस आणि अर्धे खरे, असेही असते. ते वेगळे करणे कष्टाचे आहे. जो माणूस ते करतो त्याच्याशी भांडायला वरिष्ठही कचरतात, कारण त्याचे म्हणणे नेमके असते.

यापेक्षाही खोल दुखणे आहे ते उणीव लपवण्याचे. इथे बसलेल्यांपैकी अनेक जण आपल्या घराण्यात कचेरीची पायरी चढलेले पहिले किंवा दुसरे. ज्याचे वडील आणि आजोबा कारकुनी करीत, त्याला प्रवास भत्त्याचे देयक म्हणजे काय, कोषागारातून आक्षेप लागून का परत येते, साहेबांपुढे फाईल केव्हा ठेवावी, हे जेवणाच्या पाटावर ऐकून ठाऊक असते. ते शहाणपण नाही, शेजार आहे. आपल्या मुलाला तो शेजार मिळालेला नसतो, म्हणून त्याने जास्त प्रश्न विचारायला हवेत. पण घडते उलटे. तो गप्प बसतो. का? कारण त्याला ठाऊक असते की दुसऱ्या कोणी विचारले तर 'नवीन आहे, शिकतो आहे' म्हणतील. आणि याने विचारले तर चहाच्या टेबलावर 'राखीव जागेतून आला ना' असे कुजबुजतील. एका माणसाचे न कळणे साऱ्या समाजावर ढकलले जाईल, या धास्तीने तो न कळलेले गिळतो. गिळलेले कुठे जात नाही. ते प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात जाते.

ही धास्ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण हिशेब करून पाहा. पहिल्या महिन्यात विचारलेल्या प्रश्नाची किंमत एक कुजबुज असते. तोच प्रश्न दहाव्या वर्षी विचारायची वेळ आली तर किंमत पदोन्नतीची असते, आणि तेव्हाही कुजबुज होतेच. लपवल्याने ती टळत नाही, फक्त महाग होते.

बाबासाहेबांच्याच चरित्रातली आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावी. शाळेत त्यांना संस्कृत शिकायचे होते. जातीमुळे ते नाकारले गेले आणि पर्शियन घ्यावी लागली. म्हणजे संस्कृत न येणे ही उणीव त्यांची नव्हती, ती लादलेली होती. तरी पुढे त्यांनी स्वतःच्या कष्टाने संस्कृत आत्मसात केले. उणीव कोणी दिली याचा जाब त्यांनी आयुष्यभर मागितला, आणि उणीव भरून काढण्यासाठी त्या जाबाच्या उत्तराची वाट पाहिली नाही. मला वाटते, आपण बहुतेक जण यातली एकच गोष्ट करतो.

सध्या वर्षावास चालू आहे, म्हणून एका प्रथेची आठवण देतो. आषाढ पौर्णिमेला सुरू झालेला वर्षावास आश्विन पौर्णिमेला संपतो, तेव्हा भिक्खू संघात पवारणा होते. तीन महिने एकत्र राहिलेले भिक्खू एकमेकांसमोर बसतात, आणि प्रत्येक जण बाकीच्यांना आमंत्रण देतो की माझ्याकडून काही गैर झाले असेल तर सांगा. नुसते डोळ्यांनी पाहिलेलेच नव्हे. कानावर आलेले, किंवा मनात शंका असलेलेही. या प्रथेत मला विशेष वाटते ते हे की सुरुवात सर्वांत ज्येष्ठ भिक्खूपासून होते. आपल्याकडे कनिष्ठाची झाडाझडती आधी होते आणि साहेबापर्यंत पाळी पोहोचतच नाही. दुसरे असे की आमंत्रण मिळाल्यावाचून कोणी कोणाचे दोष काढत बसत नाही. रोज उठून दुसऱ्याचे उणे दाखवणारा माणूस सुधारक नसतो, तो तापदायक असतो. तथागतांनी स्वतःही संघाला असे आमंत्रण दिल्याचे पाली साहित्यात आहे. तेव्हा सारिपुत्त उत्तर देतात. ज्यांना कोणी बोट दाखवणार नाही त्यांनीही विचारले, ही गोष्ट लहान नव्हे.

आता म्हणाल, हे विहारात ठीक, कचेरीत कोण करणार? मी एका अधीक्षकांना करताना पाहिले आहे. महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी दुपारी ते शाखेला चहा पाजत आणि एकच प्रश्न विचारत : माझ्यामुळे तुमचे कोणते काम अडते? पहिल्या महिन्यात सगळे चहा पिऊन उठले. दुसऱ्याही महिन्यात तसेच. तिसऱ्या महिन्यात टंकलेखन करणारी एक मुलगी भीत भीत म्हणाली, 'साहेब, तुम्ही मसुदा चार वेळा बदलता, आणि चौथ्या वेळी पहिलाच परत आणता.' शाखेत शांतता पसरली. साहेबांनी खिशातून डायरी काढून ते लिहून घेतले. पुढच्या महिन्यात मसुदे दोन वेळा बदलले जाऊ लागले. पूर्ण थांबले नाही, स्वभाव तो स्वभाव. पण त्या दिवसानंतर त्या शाखेत न कळणारी गोष्ट विचारायला कोणी लाजेनासे झाले. वरच्याने आपली उणीव टेबलावर ठेवली की खालच्याला आपली लपवावीशी वाटत नाही. सभागृहात जे अधिकारीपदावर आहेत त्यांच्यासाठी हे मुद्दाम सांगितले.

इलाजाकडे वळतो. एक जानेवारीला केलेल्या निश्चयावर माझा फारसा विश्वास नाही. 'आजपासून विसरणार नाही' असे म्हणून कोणाची विसरभोळी सवय गेलेली मी पाहिली नाही. त्यापेक्षा यादी बरी. याबाबत एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेतील शल्यचिकित्सक डॉ. अतुल गवांदे, ज्यांचे वडील आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडचे, यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी शस्त्रक्रियेच्या वेळी वाचून दाखवायची १९ कलमांची यादी तयार करण्याच्या कामाचे नेतृत्व केले. कलमे अगदी साधी : रुग्ण हाच ना, शस्त्रक्रिया याच जागी ना, प्रतिजैविक दिले ना, कापसाचे बोळे आणि सुया मोजल्या ना. जगातल्या आठ शहरांतील रुग्णालयांत, त्यात दिल्लीही होती, ती वापरून पाहिली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात असे दिसले की शस्त्रक्रियेनंतरची मोठी गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आली, आणि मृत्यूचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर. हे निष्णात डॉक्टर होते. त्यांना ज्ञान कमी नव्हते. घाईत एखादी पायरी सुटत होती. त्यांना यादीची लाज वाटली नाही, तर निवृत्तिवेतनाच्या प्रकरणाला जोडायच्या कागदांची यादी टेबलाच्या काचेखाली ठेवायला आपल्याला का वाटावी?

रागाचेही असेच. राग येऊ न देणे हे मोठ्या साधनेचे काम आहे. पण रागात लिहिलेली टिपणी त्याच दिवशी सहीला न पाठवणे, हे कोणालाही जमते. बोललेला शब्द हवेत जातो, टिपणीतला शब्द फाईलमध्ये राहतो आणि आपण निवृत्त झाल्यावरही आपल्याविरुद्ध साक्ष देतो. ती टिपणी दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर वाचावी. निम्म्या टिपण्या तिथेच फाटतात.

नाही म्हणता न येणे, ही उणीव सज्जन माणसांत फार. इतरांची कामे अंगावर घ्यायची, स्वतःची मागे टाकायची आणि मग रात्री आठपर्यंत बसायचे. यावर लांबलचक नकार देण्याची गरज नाही. 'माझ्याकडचे अमुक काम चार वाजता संपते, त्यानंतर घेतो' एवढे वाक्य पुरते. गंमत अशी की चार वाजेपर्यंत त्या कामाचा धनी ते स्वतःच उरकून मोकळा होतो.

आपल्या भगिनींबद्दल एक शब्द. बैठकीत बोलत नाहीत, संध्याकाळी जास्त वेळ थांबत नाहीत, असे त्यांच्या अहवालात लिहिलेले मी वाचले आहे. सकाळी पाणी भरून, डबे करून, मुलांना शाळेत घालून लोकलने आलेली बाई सहा वाजता घरी निघते, ही तिची उणीव नव्हे. घरातल्या पुरुषांची असेल तर असेल. बैठकीत न बोलण्यावर मात्र उपाय आहे. बोलायचा मुद्दा आधी एका कागदावर दोन ओळींत लिहून न्यावा आणि बैठक सुरू झाल्यावर पहिल्या दहा मिनिटांत मांडावा. जितका उशीर, तितका घसा कोरडा पडतो. हे पुरुषांनाही लागू आहे.

दारूचा उल्लेख टाळला तर हे भाषण खोटे ठरेल. पगाराच्या दिवशी सुरू होणारी आणि पंधरा तारखेला रजेच्या अर्जात दिसणारी ही गोष्ट आपण 'स्वभाव' म्हणून सोडून देतो. हुशार, कायदा तोंडपाठ असलेले, सभा गाजवणारे कर्मचारी मी यात संपलेले पाहिले. इथे डायरी आणि यादी पुरत नाहीत. व्यसन हा आजार आहे, त्याला उपचार लागतात आणि सोबत लागते. पुण्यात १९८६ साली मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. अनामिक मद्यपींच्या सभा गावोगाव भरतात. तिथे जाणारा माणूस दुबळा नसतो. त्याची टिंगल करणाऱ्यांनी या संस्थेत पुढच्या रांगेत बसू नये, असे माझे मत आहे.

आणि काही उणिवा जिंकण्याची गरजच नसते. ज्याला सभेत बोलता येत नाही पण ज्याची लेखापरीक्षणाची टिपणी वाचून समोरचा निरुत्तर होतो, त्याने वक्ता होण्यासाठी वर्षे घालवू नयेत. आपल्या स्वभावाला मानवेल असे टेबल मागून घेणे ही पळवाट नाही. मात्र ज्या उणिवेमुळे दुसऱ्याचे काम अडते तिला हा न्याय लावता येणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला नोकरीची वाट पाहण्याची गरज नाही. स्पर्धा परीक्षेचा सराव करता तेव्हा चुकलेल्या उत्तरांवर नुसती फुली मारून पुढे जाऊ नका. प्रत्येक फुलीपुढे एक अक्षर लिहा : माहीतच नव्हते, की प्रश्न नीट वाचला नाही, की माहीत नसताना ठोकून दिले. चुकीच्या उत्तराचे गुण वजा होतात, तेव्हा तिसऱ्या प्रकाराची किंमत दुहेरी. दहा सराव पत्रिकांनंतर ही अक्षरे मोजा. मला भेटणाऱ्या मुलांपैकी बरेच जण अभ्यास वाढवतात, आणि त्यांची खरी गळती दुसऱ्या प्रकारात असते. त्यांना आणखी पुस्तके नकोत, प्रश्नातल्या 'नाही' या शब्दाखाली रेघ मारायची सवय हवी.

शेवटी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांकडे एक मागणी आहे. ग्रंथालयाच्या मागची खोली रविवारी सकाळी रिकामी असते. महिन्यातला एक रविवार ती आम्हा निवृत्तांना द्यावी. लेखा, महसूल, बँक, रेल्वे, शिक्षण, अशा प्रत्येक खात्यातला एकेक जुना माणूस तिथे बसवण्याची जबाबदारी मी घेतो; तीन जणांनी होकार दिलाही आहे. नवीन कर्मचाऱ्यांनी आपल्याला न सुटणारे एक प्रकरण घेऊन यावे. मूळ कागद कचेरीबाहेर आणायचे नाहीत. प्रश्न साध्या कागदावर उतरवून आणावा, त्यात कार्यालयाचे आणि माणसांचे नाव घालू नये. तिथे विचारलेला प्रश्न त्या खोलीबाहेर जाणार नाही, याची हमी आम्ही देऊ. पहिल्या बैठकीला वेतननिश्चितीचे कोरे नमुने मी घेऊन येईन. पेन्सिल आणि खोडरबर ज्याने त्याने आणावे.